बोलता येते, लिहिता येत नाही

सकाळी भाईंदरहून चर्चगेटकडे निघणाऱ्या गाडीत ज्यांनी बसण्याची जागा वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने मिळविली आहे, अशा मंडळींचे आपापले गट असतात. अशा प्रत्येक गटात एखादा असा गृहस्थ हमखास भेटतो, की ज्याच्या बोलण्याला अर्धा डबा कान देतो. आदल्या दिवशी कचेरीत घडलेला प्रसंग तो असा रंगवून सांगतो, त्यातील माणसे अशी हुबेहूब उभी करतो आणि शेवटी त्या प्रसंगाचे मर्म अशा नेमक्या शब्दांत पकडतो, की बोरिवली केव्हा आले आणि अंधेरी केव्हा गेली याचे भान ऐकणाऱ्यांना राहत नाही. हाच गृहस्थ साडेदहाच्या सुमारास आपल्या टेबलाशी बसतो. त्याच प्रसंगावर अर्ध्या पानाची टिपणी साहेबांना हवी असते. कागदावर 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढी अक्षरे उमटतात आणि तेथे घोडे अडते. दुपार होते, चहा होतो, दुसऱ्याच्या टेबलावरची दोन अवघड कामे हा चुटकीसरशी उरकून देतो. परंतु स्वतःची ती अर्ध्या पानाची टिपणी संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी तशीच कोरी परत आणतो.

अशा माणसासाठी आपल्या भाषेत नावांची वाण नाही. लहानपणी तो धांदरट आणि वेंधळा असतो. शाळेत 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' या शेऱ्याचा धनी होतो. तरुणपणी आरंभशूर ठरतो. नोकरीत स्थिरावल्यावर त्याच्या गोपनीय अहवालात 'लेखी कामात चालढकल करतो' असे एक वाक्य येऊन बसते आणि ते वर्षामागून वर्षे नकलून घेतले जाते. यांतील एकही शब्द 'असे का होते?' हा प्रश्न विचारीत नाही. प्रत्येक शब्द निवाडा देऊन मोकळा होतो. आळशी माणूस निदान आळसाचे सुख तरी भोगतो. काम टाळून तो निवांत झोपतो. येथे ज्याचे वर्णन चालले आहे तो माणूस काम टाळून झोपत नाही. न लिहिलेली टिपणी त्याच्या उशाशी रात्रभर बसून असते.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेला दिलेले नाव अवधानन्यूनता व अतिचंचलता असे आहे. दवाखान्यांतून आणि वर्तमानपत्रांतून ते 'एडीएचडी' या अक्षरांनी वावरते. हे आजकालचे फॅड आहे असे मानणाऱ्यांची संख्या थोडी नाही, म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १७९८ साली स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी एका विषयावर मन स्थिर न राहण्याच्या व्याधीचे वर्णन करून ठेवले होते. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना, विशिष्ट उत्तेजक औषध दिले असता ही मुले उत्तेजित होण्याऐवजी अभ्यासाला बसतात, असे आढळले. तथापि दीर्घ काळ हा केवळ मुलांचा आणि तोही वर्गात स्वस्थ न बसणाऱ्या मुलांचा विकार समजला गेला. मूल वयात आले की तो ओसरतो, अशी समजूत होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये विकारांच्या आपल्या वर्गीकरणात चंचलतेऐवजी अवधानाला मध्यवर्ती स्थान दिले आणि मोठेपणी शेष राहणाऱ्या प्रकाराचीही दखल घेतली. प्रौढांसाठी लक्षणांची वेगळी मोजणी येण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणातही आता त्याला स्वतंत्र जागा आहे.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. ज्याला ज्याला पत्र लिहिण्याचा कंटाळा येतो तो तो या विकाराने ग्रस्त आहे, असे मुळीच नव्हे. लक्षणे बारा वर्षांच्या आतच दिसू लागलेली असली पाहिजेत, ती एकाच ठिकाणी नव्हे तर घरी, शाळेत, कामावर अशी एकाहून अधिक ठिकाणी आढळली पाहिजेत, आणि त्यांनी माणसाच्या आयुष्यात प्रत्यक्ष अडथळा आणलेला असला पाहिजे, अशा अटी आहेत. चिंता, खिन्नता, निद्रानाश, थायरॉइडचे दोष यांमुळेही चित्त ठिकाणावर राहत नाही. निदान करणे हे जाणत्या मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे. गाडीतल्या सहप्रवाशाचे नव्हे आणि कचेरीतल्या वरिष्ठाचे तर नव्हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २००५ मध्ये तयार झालेली अठरा प्रश्नांची एक यादी प्राथमिक चाचपणीसाठी जगभर वापरली जाते. तिच्यातील पहिल्या सहा प्रश्नांपैकी एक प्रश्न असा आहे की, ज्या कामाला पुष्कळ विचार करावा लागतो ते सुरू करण्याचे माणूस किती वेळा टाळतो वा लांबणीवर टाकतो. पुष्कळ विचार करावा लागणारे काम म्हणजे काय, हे कोणत्याही कारकुनाला, शिक्षकाला वा विद्यार्थ्याला विचारले तर तो लेखनाकडेच बोट दाखवील.

लेखनातच असे काय आहे? बोलण्याच्या वेळी समोर माणूस असतो. त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली की पुढचे वाक्य आपोआप सुचते, त्याने 'मग?' म्हटले की विचाराला धक्का मिळतो. तो कंटाळला की विषय आवरता येतो. बोलणे हे दोघांनी मिळून केलेले काम आहे. लेखनात हा दुसरा माणूस नाहीसा होतो आणि त्याची सारी कामे लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या माथी येतात. जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास, लोकांना मोठ्याने विचार करीत लिहावयास लावून, लेखनाच्या क्रियेचे एक चित्र उभे केले. योजना आखणे, योजलेले शब्दांत उतरविणे आणि उतरलेले पुन्हा तपासणे या तीन क्रिया एकामागून एक न घडता एकमेकींत सतत घुसत असतात, असे त्यांना दिसले. म्हणजे वाक्याचे पहिले टोक कागदावर असताना दुसरे टोक मनात धरून ठेवावयाचे, त्याच वेळी पुढच्या परिच्छेदाचा मुद्दा निसटू द्यावयाचा नाही, वाचणारा कोण आहे हे विसरावयाचे नाही, आणि हे सारे चालू असताना मनात डोकावणाऱ्या इतर दहा गोष्टींना दाराबाहेर उभे करावयाचे.

मनातील या तात्पुरत्या धारणेला मानसशास्त्रज्ञ कार्यकारी स्मृती म्हणतात. किराणा दुकानदार तोंडी हिशेब करताना जी वापरतो तीच ही स्मृती. अवधानन्यूनता असलेल्या अनेकांत नेमकी हीच दुबळी असते. विचार नसतात असे नाही. उलट ते एकाच वेळी फार येतात. पहिल्या विचाराचा पहिला शब्द लिहून होईपर्यंत तिसरा विचार येऊन पहिल्याला ढकलून देतो. हाताची गती विचाराच्या गतीला पुरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला कोरा कागद दिसतो आणि डोकेही कोरेच असावे असा तर्क तो करतो. वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलटी असते. विरार गाडी दादरला आल्यावर दारात जे होते तेच येथे होते. उतरणारे पुष्कळ असतात, दार एकच असते, आणि म्हणून कोणालाच उतरता येत नाही.

हे केवळ अनुमान नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे जन्मलेल्या मुलांचा एकोणीस वर्षे वयापर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अवधानन्यूनता असलेल्या मुलामुलींपैकी निम्म्याहून अधिकांना लेखनाची विशेष अडचण असल्याचे त्यात आढळले. तो विकार नसलेल्या मुलग्यांत हे प्रमाण सुमारे सहांत एक आणि मुलींत दहांत एक एवढेच होते. ही मुले पुढे मोठी होतात, नोकरीला लागतात, त्यांच्या हाताखाली माणसे येतात. कागदाशी असलेले त्यांचे भांडण मात्र आपोआप मिटत नाही.

विचार करणारा आणि लिहिणारा एकच असला पाहिजे, हा आग्रह मुळात आला कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. मराठी परंपरेचा तर तो खासच नाही. महाभारताची रचना करताना व्यासांनी गणपतीला लेखनिक नेमले, ही कथा घराघरांत सांगितली जाते; व्यासांना लिहिता येत नव्हते असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढीत नाही. मराठी गद्याचा आरंभ ज्या लीळाचरित्राने झाला, ते चक्रधरस्वामींनी स्वतः लिहिलेले नाही. त्यांच्या बोललेल्या शब्दांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ते सिद्ध केले. तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांचे नाव वारकरी आजही आदराने घेतात. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी कागदावर आली ती त्यांच्या पुत्राच्या आणि आप्तांच्या हातून, आणि त्यांचा संग्रह निघाला १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. या थोरांना काही विकार होता असे सुचविण्याचा वेडेपणा येथे करावयाचा नाही. सांगावयाचे एवढेच की सुचणे आणि उतरविणे या दोन निराळ्या शक्ती आहेत, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात अक्षर कसे असावे, लेखणी आणि शाई कशी असावी, ओळी कशा राखाव्यात याचे मोठे तपशीलवार मार्गदर्शन आढळते. हात कसा चालवावा हे शिकवावयाचे असते, हे समर्थांनी ओळखले होते. मनातील विचार ओळीत कसे उभे करावेत हेही शिकवावयाचे असते, याची जाण आपल्या शाळांना अजून पुरती आलेली नाही.

शाळेत निबंध 'लिहा' असे सांगितले जाते. तो कसा लिहितात हे फार थोड्या वर्गांत दाखविले जाते. फळ्यावर मुद्दे येतात, मुले ते विस्तारतात, मार्गदर्शक पुस्तकातील निबंध पाठ करणारा पहिला येतो. जो पाठ करू शकत नाही आणि ज्याचे मुद्दे फळ्यावरच्या मुद्द्यांना सोडून भलतीकडे धावतात, तो मागे पडतो. त्यावर शुद्धलेखनाची तांबडी शाई येते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर भाषेच्या शिस्तीसाठी आवश्यक आहेत, याविषयी वाद नाही. परंतु पहिल्या खर्ड्याच्या वेळीच ऱ्हस्वदीर्घाची चिंता वाहावयास लावणे म्हणजे, आधीच ज्याच्या हातात चार पिशव्या आहेत त्याला पाचवी देणे होय. विचार आधी कागदावर येऊ द्यावा आणि वेलांटी नंतर पाहावी, हा साधा क्रम ज्या मुलाला शाळेत कोणी सांगितला नाही, तो पस्तिसाव्या वर्षीही पहिल्याच वाक्याची पाच वेळा खाडाखोड करीत बसतो.

कचेऱ्यांत घडलेला एक बदल या संदर्भात फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणत्याही कार्यालयात लघुलेखक असे. साहेब येरझारा घालीत मजकूर सांगत, लघुलेखक तो टिपून घेई, विस्कळीत वाक्ये जागच्या जागी बसवी, आणि दुपारी टंकलिखित पत्र सहीसाठी समोर येई. किती साहेबांना स्वतःच्या हाताने चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या, हे त्यांच्या लघुलेखकांनाच ठाऊक होते आणि ही मंडळी स्वभावतः अबोल असत. न्यायालयांच्या आवारात अर्ज टंकून देणारे, मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर बसून परक्यांची पत्रे लिहून देणारे, हेही याच उपकाराच्या व्यवसायातले. संगणक आला, लघुलेखकांची पदे रिकामी होत गेली, आणि प्रत्येकाने आपला मजकूर आपणच लिहावयाचा असा दंडक झाला. खर्च वाचला हे खरे. परंतु ज्या आधारावर अनेकांची बुद्धी उभी होती तो आधार त्याबरोबर गेला. आता पत्राबरोबर दिवसाला पंचवीस ई-मेल आणि व्हॉट्सॲपच्या गटावर 'अहवाल त्वरित पाठवावा' अशी सूचनाही येते. लेखनाची मागणी वाढली; लेखनाला हातभार लावणारे मात्र नाहीसे झाले.

मीरा-भाईंदरसारख्या गावात या अडचणीला आणखी काही पदर आहेत. गाव म्हणणे ही आता केवळ सवय उरली. मिठागरे, उत्तन-डोंगरीकडची कोळ्यांची आणि ख्रिस्ती बांधवांची वस्ती, घोडबंदरचा किल्ला आणि वसईची खाडी एवढीच ज्याची ओळख होती, तेथे १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मुंबईत नोकरी आणि येथे परवडणारे घर, हे या वाढीचे सरळ गणित आहे. पुराव्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या २००९ मधील एका आढाव्यात प्रौढांमध्ये अवधानन्यूनतेचे प्रमाण शेकडा अडीचच्या आसपास असल्याचे म्हटले होते. या शहरात ते कोणी मोजलेले नाही. परंतु २०११ मधील प्रौढांची संख्या पाच लाख धरली आणि तेच प्रमाण लावून पाहिले, तर आकडा साडेबारा हजारांवर जातो. यांतील बहुसंख्यांनी हे नावही ऐकलेले नसणार.

त्यांचा दिवस पाहिला तर लेखनासाठी लागणारी स्वस्थता त्यांना कोठे मिळावी, हा प्रश्नच आहे. पहाटे उठून गाडी गाठावयाची, जाता-येता दोन-अडीच तास उभ्याने काढावयाचे, आणि रात्री दोन खोल्यांत दूरचित्रवाणी, मुलांचा अभ्यास आणि शेजारच्या इमारतीचे बांधकाम यांच्या आवाजात अहवाल पुरा करावयाचा. निरोगी अवधानाचा माणूसही येथे थकून जाईल. भाषेचीही गंमत आहे. घरी मराठी, गुजराती वा मारवाडी, इमारतीत हिंदी, बँकेत इंग्रजी, आणि पालिकेत वा शाळेत गेले की शासकीय मराठी. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठी झाली ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्या कारभाराने घडविलेली 'सबब', 'उपरोक्त' आणि 'उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर' ही बोली कोणाच्याही घरी बोलली जात नाही. बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांत जेवढे अंतर अधिक, तेवढी मनातले कागदावर आणण्याची चढण अधिक.

शिक्षकाची स्थिती कारकुनाहून वेगळी नाही, किंबहुना अधिक अवघड आहे. वर्गात ज्याच्या तासाची मुले वाट पाहतात, तोच शिक्षक टाचणवही, निकालपत्रकातील शेरे आणि मूल्यमापनाच्या नोंदी यांच्यापुढे हतबल होतो. मुख्याध्यापक त्याला वही मागतात. त्याच्या तासाला येऊन बसत नाहीत. विद्यापीठात प्रबंधासाठी नाव नोंदविलेले आणि पाच-सहा वर्षे साहित्य जमवीत राहिलेले विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या पाहण्यात असतात. त्यांची कात्रणे, टिपणे, छायाप्रती यांनी कपाट भरते; पहिले प्रकरण मात्र सुरू होत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? महाराष्ट्राचा इतिहास येथे अभिमानास्पद आहे. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ आदी सवलती देण्यास राज्याने १९९६ मध्ये प्रारंभ केला. देशात तो पहिला होता. मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा मुलांची तपासणी होऊ लागली. २००७ मधील 'तारे जमीं पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. मात्र तपासण्या प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी घडविलेल्या होत्या आणि मराठी शाळांतील पालकांपर्यंत त्यांची वार्ता उशिरा गेली. आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत, ते या साऱ्याच्या आधीच शाळेतून बाहेर पडलेले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी केली आणि त्यात लेखन-अक्षमतेसह विशिष्ट अध्ययन-अक्षमतांना प्रथमच जागा दिली. अवधानन्यूनतेला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. ज्याला दोन्ही अडचणी आहेत त्याला अध्ययन-अक्षमतेच्या दाराने आत येता येते. पण त्या अक्षमतेच्या चाचण्या शालेय वयाच्या मापाने बेतलेल्या आहेत. पंचेचाळीस वर्षांच्या लिपिकाला चौथी-पाचवीच्या मुलाचे सदरे घालून पाहण्यातला हा प्रकार आहे.

न्यायालयाने मात्र एक खिडकी उघडली आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण ठरवून दिलेल्या प्रकारांत तो बसत नव्हता. चाळीस टक्क्यांची अट ही आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे, लेखनिकासारख्या वाजवी सोयीसाठी तिचा अडसर करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि सोय ही माणसागणिक त्याची गरज पाहून ठरविली पाहिजे, हे तत्त्व मांडले. त्याला अनुसरून केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये, चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या परंतु लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परीक्षेपुरते हे मोठेच पाऊल होय. परंतु लेखनिक हाताचे काम करतो. विचारांची रांग लावून देणे हे त्याचे काम नव्हे, आणि नियमाने तसे करण्याची त्याला मुभाही नाही. नुसता जादा वेळ हाही सर्वांना तारीत नाही. ज्याला सुरुवातच करता येत नाही त्याला तीन तासांऐवजी चार तास दिले, तर तो एक तास अधिक कोऱ्या कागदाकडे पाहतो.

औषधे आहेत. मेथिलफेनिडेट हे त्यांतील प्रमुख. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते प्रथम तयार झाले. भारतात त्याची गणना मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या नियंत्रित द्रव्यांत होते, त्यामुळे तज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून ते मिळत नाही आणि चिठ्ठी असूनही प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही. ॲटॉमॉक्सेटिन हे दुसरे, वेगळ्या जातीचे औषध. यांनी अनेकांचे चित्त स्थिरावते हे सिद्ध झालेले आहे. परंतु औषध माणसाला टेबलाशी बसविते. काय आणि कसे लिहावे हे ते सांगत नाही. ते शिकावे लागते. सल्ल्याची पहिली पायरी म्हणून केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

शिकण्याच्या ज्या रीती उपयोगी ठरतात, त्यांत विलक्षण असे काही नाही. डोक्यात जे धरून ठेवता येत नाही ते बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवावयाचे, हे त्यांचे सूत्र. एकेक मुद्दा एकेका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या लावून पाहणे. पहिले वाक्य सुचत नसेल तर मधल्यापासून सुरुवात करणे. लिहिण्याची आणि तपासण्याची वेळ मुद्दाम वेगळी ठेवणे. कोणी तरी शेजारी आपापले काम करीत बसलेले असले की अनेकांची लेखणी चालू लागते. आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत मुले रात्री एकत्र अभ्यासाला बसत, त्यामागे जागेच्या टंचाईइतकेच हेही शहाणपण असावे. आणि सर्वांत जवळचा उपाय म्हणजे आधी बोलणे. आज साध्या भ्रमणध्वनीतही मराठीत बोललेले देवनागरीत उतरविण्याची सोय आहे. ती चुका करते, विरामचिन्हे गिळते, 'टिपणी'चे 'टिप्पणी' करून ठेवते. परंतु कोऱ्या कागदाऐवजी चुकांनी भरलेला कागद समोर आला, की ज्याला लिहिता येत नाही अशी समजूत आहे तो माणूस ओळीमागून ओळ सुधारू लागतो. लघुलेखक गेला, त्याच्या जागी हे एक यंत्र आले. त्याला लघुलेखकाचा समजूतदारपणा नाही, एवढीच काय ती उणीव.

अर्थात गजबजलेल्या कचेरीत यंत्राशी बोलत बसणाऱ्या कारकुनाकडे इतर कशा नजरेने पाहतील, हे सांगावयास नको. येथेच वरिष्ठांचा संबंध येतो. २०१६ च्या कायद्याच्या विसाव्या कलमाने शासकीय आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय पुरविण्याचे बंधन घातले आहे. ज्याचे नाव यादीत नाही त्याला ते मागता येत नसले, तरी देण्यास कोणी मनाई केलेली नाही. टिपणी मागण्यापूर्वी पाच मिनिटे समोर बसवून विषय तोंडी ऐकणे, ऐकता ऐकता चार मुद्दे कागदावर टिपून तोच कागद त्याच्या हाती देणे, नेहमीच्या पत्रांचे तयार नमुने ठेवणे, एका मोठ्या मुदतीऐवजी तीन लहान मुदती देणे, या सोयींना ना खर्च लागतो ना शासननिर्णय. शाळेत टाचणवहीऐवजी आठवड्यातून एकदा तोंडी आढावा घेतला तर कोणत्या मुलाचे नुकसान होईल, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही.

प्रत्यक्षात होते ते असे. टिपणी वेळेत येत नाही, स्मरणपत्र जाते, मग मेमो निघतो. मेमोतील शेवटचे वाक्य सर्वत्र सारखेच असते : विलंबाबाबतचा आपला खुलासा तीन दिवसांच्या आत लेखी सादर करावा. ज्या माणसाचा अपराधच मुळी लिहिता न येणे हा आहे, त्याने तो अपराध का घडला हे लिहून द्यावयाचे असते. खुलासाही वेळेत येत नाही, आणि प्रकरण वर सरकते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ चाळून पाहिले तर एक मौजेची गोष्ट आढळते. दोषारोप ठेवून विभागीय चौकशी सुरू झाली आणि शासनाची बाजू मांडून संपली, की कर्मचाऱ्याने आपला बचाव तोंडी वा लेखी, त्याच्या इच्छेप्रमाणे, मांडावा अशी तरतूद तेथे आहे. तोंडी मांडल्यास तो दुसऱ्याने लिहून घ्यावयाचा असतो आणि कर्मचाऱ्याने त्यावर फक्त सही करावयाची असते.